निंबर्गा ते भाऊचा धक्का

आमच्या निंबर्ग्याहून कोणत्याही दिशेने निघावे, समुद्र दूरच. आमच्या शिवारातील पावसाचे पाणी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. म्हणजे आमच्या पाण्यालाही समुद्र गाठावयाचा तर तेलंगण आणि आंध्र ओलांडावे लागतात. तुरीच्या पिकात आणि काळ्या रानात वाढलेल्या माणसाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील निळा रंग. तो निळा रंग दाखवून भरती-ओहोटीचे पाठ आम्ही तीस वर्षे दिले. विद्यार्थी तर समुद्र न पाहताच उत्तीर्ण झाले; शिक्षकही त्याच वर्गातला होता, हे सांगण्यास आता संकोच वाटत नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुटीत हे उणे भरून काढावे, असे आम्ही ठरविले. कन्या मुंबईस असते. तिच्याकडे आगगाडीने अनेकदा गेलो. परंतु या वेळी गाडी घेऊन पंढरपूरमार्गे कोकणात उतरावे, किनाऱ्याकिनाऱ्याने खाड्या ओलांडीत उत्तरेकडे सरकावे आणि मांडव्याहून गाडीसकट बोटीत चढून समुद्रमार्गे मुंबईत शिरावे, असा बेत आखला. मांडवा ते भाऊचा धक्का अशी मोटारी वाहून नेणारी बोट २०२० सालापासून सुरू झाली आहे. रस्त्याने तीन-चार तास खाणारी ही वाट बोट तासाभरात काटते. शिवाय आमच्या मातोश्रींचे माहेर अलिबाग तालुक्यात, रेवसच्या बाजूस. त्यांना तिकडे जाऊन तीस वर्षे लोटली होती. मातोश्रींचे वय त्र्याऐंशी. तेव्हा हा प्रवास आता नाही तर मग नाहीच, हे घरात कोणी बोलून दाखविले नाही, तरी सर्वांस ठाऊक होते.

मास्तर माणूस प्रवासाला निघाला तरी पाठटाचण काढल्याविना निघत नाही. आम्ही शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक दिवसाचे रकाने पाडले: उद्दिष्ट, साधने, मार्ग, वेळ, मुक्काम. पाठटाचणात आणखी एक रकाना असतो, 'पूर्वज्ञान'. विद्यार्थ्यास त्या विषयाचे आधीच काय ठाऊक आहे, ते तिथे लिहावयाचे. प्रवासात त्याचे काय काम, म्हणून तो आम्ही गाळला. पुढे त्यानेच आम्हांला धडा दिला.

प्रथम साधने. मेहुण्यांची सात आसनांची गाडी मिळाली आणि गावातीलच एक तरुण चालक म्हणून यावयास तयार झाला. गाडी खाजगी असल्यामुळे दुसऱ्या राज्यात नेण्यास वेगळा परवाना लागत नाही. भाड्याच्या, पिवळ्या पाटीच्या गाडीस मात्र लागतो, तो आधीच पाहून घ्यावा. नोंदणीचे पुस्तक, विमा, धूरतपासणीचा दाखला आणि चालकाचा परवाना हे कागद एका पिशवीत घालून पिशवी सौभाग्यवतींच्या स्वाधीन केली. कारण आमच्या घरात त्यांनी ठेवलेली वस्तूच वेळेवर सापडते.

हद्द ओलांडण्याची ही तयारी पाहून आम्हांला आमच्या आजोबांची आठवण झाली. त्यांच्या वेळी निंबर्गा निजामाच्या राज्यात, पलीकडे अक्कलकोटचे भोसल्यांचे संस्थान आणि त्याहीपलीकडे सोलापूर इंग्रजांचे. पंढरीस निघालेला वारकरी दोन दिवसांत तीन राज्ये पायाखाली घाली. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका असे. तिथे गाठोडे सोडून दाखवावे लागे. कनवटीचा हाली रुपया पुढे चालत नसे, तो बदलून कलदार घ्यावा लागे. आजोबांच्या प्रवासाचे नियोजन म्हणजे एवढेच: कलदार किती आणि दशम्या किती. १९४८ साली निजामाचे राज्य गेले; १९५६ साली भाषावार प्रांत झाले तेव्हा आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ पासून त्याचे नाव कर्नाटक झाले. नाका गेला, हाली गेले, रेघ मात्र राहिली. सीमेवर काही कुरबुर झाली की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या एकाएकी थांबतात, हा अनुभव आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या गाठी असेल. स्वतःची गाडी नेण्यामागे तेही एक कारण होते.

यानंतर मार्ग. आळंद, वागदरी, अक्कलकोट, सोलापूर आणि पंढरपूर हा टप्पा आम्हांला तोंडपाठ. पंढरपुराहून सांगोल्यावरून विट्यास गेले की गुहागर-विजापूर हा जुना मार्ग लागतो. नकाशात त्यावर बोट ठेवताना आम्हांस मौज वाटली. या रस्त्याचे एक टोक आमच्या कर्नाटकात, गोलघुमटाच्या गावी, आणि दुसरे टोक थेट गुहागरच्या वाळूत. आमच्या शेजारून निघालेला एक रस्ता समुद्रापर्यंत जातो, हे आम्हांस वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळले! वाटेतील विटा आणि आटपाडीकडील मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त साऱ्या हिंदुस्थानात पसरली आहेत. मुलुख सोडून राहिलेल्या मराठी माणसाने त्या गावांना जाता जाता एक नमस्कार करावा.

कराडहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. या घाटाखाली एक नवल चालले आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी आमच्या पाण्यासारखेच पूर्वेला जावयाचे. धरण बांधून ते पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरविले, पोफळीकडे त्यापासून वीज केली आणि खाली वाशिष्ठी नदीत सोडून दिले. पूर्वेच्या समुद्रासाठी निघालेले पाणी असे पश्चिमेच्या समुद्रास जाऊन मिळते. आम्ही वहीत लिहिले, "मार्ग बदलता येतो," आणि स्वतःवरच खूश झालो.

वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण तीरावर धोपावे आणि उत्तर तीरावर दाभोळ. मध्ये खाडी. ती गाडीसकट ओलांडण्यासाठी २००३ सालापासून फेरीबोट आहे. ही आमची पहिली जलयात्रा. दाभोळचे नाव वहीत लिहिले आणि हात थांबला. आमचा कलबुर्गी जिल्हा, शेजारचा बिदर, या बहामनी सुलतानांच्या राजधान्या. आणि दाभोळ हे त्यांचे मोठे बंदर. अरबस्तान आणि इराणाकडून आलेले घोडे अशाच बंदरांत उतरत आणि घाट चढून आमच्या पठारावर येत. पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरास आला. त्याने लिहून ठेवलेल्या प्रवासवृत्तात वर्षातून एकदा भरणाऱ्या एका मोठ्या बाजाराचे वर्णन आहे. दहा दिवस चालणाऱ्या या बाजारात घोडे विकावयास येत. तो बाजार म्हणजे आमचे आळंद, असे अभ्यासक मानतात. ज्या आळंदच्या बाजारातून आम्ही परवा चपला आणल्या, त्या आळंदची बातमी साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियात पोचली होती! काही वर्षे आपल्या मुलखात राहून निकितीन परत निघाला तो दाभोळहून जहाजात बसला. जुन्या वाचकांना त्याच्यावरील १९५७ चा 'परदेसी' चित्रपट आठवत असेल. तीन समुद्र ओलांडलेला हा माणूस स्वतःच्या गावी मात्र पोचला नाही. घर जवळ आले असता वाटेतच वारला. आम्ही हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखविला. मातोश्री तांदूळ निवडीत ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "घर जवळ आल्यावरच माणसं जातात." आम्ही ते वाक्य ऐकले आणि, खेदाने सांगावे लागते, त्याकडे लक्ष दिले नाही.

दाभोळहून दापोली आणि हर्णै करीत बाणकोटच्या खाडीशी यावयाचे. ही सावित्री नदीची खाडी, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांमधील सीमा. वेसवीहून फेरीबोटीने बागमांडल्यास उतरले की हरिहरेश्वर जवळच. ही दुसरी जलयात्रा. पुढे श्रीवर्धन, दिवेआगर आणि दिघी. दिघीहून आगरदांड्यास तिसरी. मग मुरूड, रेवदंडा, चौल, अलिबाग, मातोश्रींचे माहेर आणि शेवटी मांडवा.

बेत पुरा झाला तेव्हा आम्ही सर्वांस ओसरीवर बसवून वहीचे वाचन केले. सातव्या दिवसाचा पाठ आला. "मांडवा ते भाऊचा धक्का, समुद्रमार्गे, वेळ एक तास," असे आम्ही वाचले. मातोश्री उठल्या आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

आम्हांस वाटले, वृद्धपणीची साहजिक भीती. आम्ही मास्तरकी सुरू केली. बोटीची रचना, तिचा तळ, तिची लांबीरुंदी सांगितली. फळ्यावर नव्हे, पण पाटीवर आकृती काढून दाखविली. एवढ्यानेही भागेना तेव्हा 'श्यामची आई'चा दाखला दिला. त्या पुस्तकात श्याम पोहण्याच्या भीतीने लपून बसतो आणि आई त्याला फोकाने मारीत विहिरीकडे पाठविते, हा प्रसंग मातोश्रींनीच आम्हांला लहानपणी वाचून दाखविला होता. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "त्या आईने लेकराला पाण्यात पाठवलं. लेकराने आईला पाठवायचं असतं, असं कुठं लिहिलंय त्यात?"

मुख्याध्यापकास निरुत्तर करणारी व्यक्ती प्रत्येक घरात एक असतेच.

सौभाग्यवतींनी मदतीस यावे या हेतूने एक युक्तिवाद केला. त्या म्हणाल्या, "आई, रस्ता तरी कुठं सुरक्षित आहे? त्याच सावित्री नदीवरचा महाडचा पूल नाही का पडला?" ही गोष्ट खरी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. बोटीची भीती घालविण्यासाठी पुलाची आठवण काढली. परिणाम असा झाला की मातोश्रींना आता पुलाचीही धास्ती बसली आणि आमचा अलिबागपर्यंतचा बेतही डळमळू लागला. तर्काने भीती जात नाही. फार तर तिला सोबत मिळते.

खरे कारण चार दिवसांनी कळले, आणि तेही आम्हांला नव्हे, सौभाग्यवतींना. दळण निवडता निवडता मातोश्री बोलल्या. त्यांचा सख्खा मामा मुंबईस गिरणीत कामाला होता. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढाच्या अमावास्येला, तो गावी यावयास निघाला. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' नावाची आगबोट रेवसकडे निघाली होती, तिच्यात तो बसला. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. वाटेत पावसाळी समुद्रात बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतील मासळी समुद्रात टाकून बुडत्यांना वर घेतले, असे तिकडे सांगतात. मातोश्री तेव्हा सहा वर्षांच्या. त्यांना आठवत होते ते एवढेच: आजी खळ्यात उभी आहे, गावातील पुरुष बंदराकडे धावत आहेत आणि चुलीवरचे पुरण कोणी उतरवीत नाही म्हणून करपले आहे. मामा परत आला नाही. त्याचा देहही मिळाला नाही. आजीने त्यानंतर आगबोटीत पाय ठेवला नाही आणि लेकीनातींनाही ठेवू दिला नाही. पुढे पंढरीच्या वारीत दोन आजोबांचा स्नेह जुळला, त्यातून सोयरीक झाली आणि किनाऱ्यावरची ही मुलगी आमच्या काळ्या रानात सून म्हणून आली. इथे कोणी समुद्राचे नाव काढीत नव्हते. त्यांनीही साठ वर्षांत काढले नाही.

आम्ही रात्री वही उघडली. 'पूर्वज्ञान' हा रकाना आम्ही गाळला होता. आमच्या समजुतीने घरात समुद्राविषयी कोणासच काही ठाऊक नव्हते आणि शिकविणारे आम्ही होतो. प्रत्यक्षात समुद्र जिला खरोखर ठाऊक होता, तिला आम्ही पाटीवर बोटीची आकृती काढून दाखविली होती! नव्या शिक्षकांना प्रशिक्षणात जी चूक आम्ही दाखवून देतो, तीच आमच्या हातून स्वतःच्या आईपुढे घडली.

दुसऱ्या दिवशी बेत बदलला. बोटीचे आगाऊ तिकीट काढावयाचे नाही. सातव्या दिवसापुढे दोन रेघा ओढल्या: एक मांडव्याहून समुद्राने, दुसरी वडखळ-पनवेलवरून रस्त्याने. कोणती घ्यावयाची, ते मातोश्रींनी तिथे जाऊन सांगावे. सांगितले नाही तर रस्ता. त्यांनी वहीतील त्या दोन रेघांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "मग येते."

प्रवासाचे सविस्तर वर्णन करीत नाही. बेत कितपत उतरला एवढेच सांगतो. पंढरपूरला चंद्रभागेचे स्नान झाले. तीच भीमा पुढे आमच्या गाणगापुरास अमरजेला भेटते. म्हणजे विठोबाच्या पायाजवळचे पाणी दत्ताच्या पायाशी येते. कुंभार्ली घाटात धुके होते. धोप्याव्याला संध्याकाळी पोचलो तेव्हा खाडीचे पाणी तांबूस दिसत होते आणि आमचा चालक गाडी थांबवून नुसता पाहत राहिला. तो कन्नडमध्ये म्हणाला, "सर, इदर आचे कडे काणस्तिल्ला." याला पलीकडची बाजू दिसत नाही. वास्तविक खाडीची पलीकडची बाजू स्वच्छ दिसत होती. तो समुद्राच्या तोंडाकडे पाहत होता.

तिकिटाच्या खिडकीवरील गृहस्थांनी गाडीवरील 'केए ३२' हा क्रमांक पाहिला आणि आमच्याशी हिंदीत बोलू लागले. आम्ही मराठीत उत्तर दिले. ते कौतुकाने म्हणाले, "अरे वा, कर्नाटकातले असून मराठी चांगलं बोलता तुम्ही!" एम.ए. मराठी झालेल्या, आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने यावर काय बोलावे? आम्ही त्यांचे आभार मानले. आपल्या वाचकांपैकी कोणास असे प्रशस्तिपत्र मिळाले नसेल? गावी आम्ही महाराष्ट्राचे, महाराष्ट्रात आम्ही कर्नाटकाचे. मातोश्री मागच्या आसनावरून त्यांना म्हणाल्या, "मी इथलीच, हो. अलिबागकडची." तेव्हा ते गृहस्थ उठून उभे राहिले, बाहेर आले आणि आजींसाठी सावलीत खुर्ची मांडून गेले. भाषेची परीक्षा आमची झाली, गुण मातोश्रींना मिळाले.

गाडीसह फेरीबोटीने जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. रांगेत लवकर लागावे. उतारावरून गाडी चढविताना इतरांनी खाली उतरावे. आत गेल्यावर हातब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. ओहोटीच्या वेळी उतार अधिक होतो, तेव्हा नवख्या चालकाने बोटीवरील माणूस सांगेल तसेच करावे. लहान फेरीबोटींच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. पावसाळ्यात जावयाचा विचार असल्यास गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लहान बोटी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

दाभोळची खाडी मातोश्रींनी डोळे मिटून ओलांडली. बाणकोटची डोळे उघडून. दिघीहून निघताना त्या स्वतः कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पाण्यातील काठ्यांकडे बोट दाखवून आमच्या चालकास मासे धरण्याची जाळी कशी लावतात, ते मराठीत समजावू लागल्या. त्याला मराठी बेताचे कळते. परंतु त्याने सर्व समजल्यासारखी मान हलविली. आम्ही वही काढून लिहू लागलो. तेव्हा आमच्या ध्यानात आले की या प्रवासात शिक्षक बदलला आहे.

माहेरी जुने घर नव्हते. जागेवर दुसऱ्यांचे पक्के घर आहे. विहीर तेवढी तीच. घरच्या माणसांनी अगत्याने पाणी दिले. मातोश्रींनी खळे कुठे होते, ते पावलांनी मोजून दाखविले आणि म्हणाल्या, "चला."

मांडव्याच्या रस्त्याला लागण्यापूर्वी जिथे फाटा फुटतो, तिथे आम्ही ठरल्याप्रमाणे गाडी थांबवावयास सांगितली. आम्ही मागे वळून काही विचारले नाही. थोड्या वेळाने मातोश्रीच म्हणाल्या, "बोट किती वाजता आहे?"

ही बोट मोठी. गाड्या खाली ठेवून माणसांनी वर जावयाचे. मातोश्री जिन्याची एकेक पायरी चढल्या. वर गेल्यावर त्यांनी जीवरक्षक जाकिटे कुठे ठेवली आहेत ते विचारून घेतले, आणि मग उजव्या बाजूची खुर्ची मागितली. बोट निघाली. समुद्र शांत होता. काही मुले पक्ष्यांना खाऊ टाकीत होती. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी विचारले, "ती उजवीकडची झाडी कुठली?"

आम्ही शेजारच्या एका कोळी गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "ते रेवस."

मातोश्री बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं जवळ? मला वाटायचं, दूर समुद्रात बुडाला मामा. त्याला घर दिसत होतं म्हणायचं."

त्या दिवशी पाऊस होता, समुद्र खवळलेला होता. किनारा दिसला असेल की नाही, कोण जाणे. आम्ही ते बोललो नाही. मातोश्रींनी पदराच्या गाठीतून माहेरच्या विहिरीजवळची दोन तगरीची फुले काढली. ती पाण्यात टाकतील असे आम्हांस वाटले. त्यांनी ती एकदा पाहिली आणि पुन्हा गाठीत बांधली. मुंबईच्या इमारती समोर दिसू लागल्या, तेव्हा त्यांचा डोळा लागला होता.

परतीचा प्रवास पुणे-सोलापूर रस्त्याने झाला. घरी आल्यावर आम्ही वहीच्या पहिल्या पानावर, रकान्यांच्या आधी, एक रकाना नव्याने आखला आणि त्यात मातोश्री सांगतील तसे लिहून घेतले: मामाचे नाव, आजीचे नाव, खळ्याची लांबी, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते. सात पाने भरली आहेत. आपण कोणी असा प्रवास योजीत असाल तर रस्ते, वेळा, तिकिटे यांची चौकशी अवश्य करावी. परंतु घरातील वडीलधाऱ्या माणसांस आधी बसवून विचारावे, की तुम्हांस त्या वाटेचे काय ठाऊक आहे. आम्ही ते शेवटी विचारले. तगरीची ती दोन फुले त्या वहीतच, सातव्या दिवसाच्या पानात, वाळून राहिली आहेत.